काचेमागचा पेशंट

आमच्या वहिनीला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

म्हणजे ती काही सत्याची पुतळी नाही. पण खोटं बोलायचं म्हणजे समोरच्याची मर्जी राखायची, आणि मर्जी राखण्याएवढी किंमत ती फारशी कोणाला देत नाही. मूर्खाला तोंडावर मूर्ख म्हणते आणि मोकळी होते. त्यामुळे हा प्रकार तिनं जेवणाच्या टेबलावर आम्हाला सांगितला, तेव्हा दादा हसला नाही. मीही हसलो नाही.

असले प्रकार रात्री घडतात, असं आपण धरून चालतो.

हा दुपारचा आहे. भरदुपारचा.

ट्यूबलाइट चालू. एसी चालू. बाहेर कॉरिडॉरमध्ये पोरापोरींचा नुसता गोंगाट. आणि जागा म्हणजे विद्यापीठाची नवीकोरी इमारत, जिच्या भिंतींच्या रंगाचा वाससुद्धा अजून गेला नव्हता.

वहिनी पॅरामेडिक होती. ॲम्ब्युलन्सवर तिनं उमेदीची वर्षं काढली. एकदा एका जाडजूड गृहस्थांना स्ट्रेचरवरून जिन्यानं खाली आणताना तिचा पाय सटकला. गृहस्थ वाचले, वहिनीचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे वजन उचलायचं नाही. मग विद्यापीठात पॅरामेडिकचा कोर्स आहे, तिथं ती शिकवायला लागली.

पहिल्या दिवशी घरी आली, पर्स सोफ्यावर भिरकावली आणि मला म्हणाली, "भावजी, मी आजवर पुष्कळ मेलेली माणसं पाहिली. पगार घेणारी आज पहिल्यांदा पाहिली."

तिच्याशिवाय तिथं तिघं शिकवायचे.

एक, विभागप्रमुख. सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे. ॲम्ब्युलन्समध्ये शेवटचे कधी चढले होते ते त्यांना स्वतःलाही आठवत नसेल, पण टायला सोनेरी ॲम्ब्युलन्सची पिन मात्र रोज. स्लाइडमागून स्लाइड दाखवायचे. रक्तस्राव शिकवताना पोरांआधी त्यांचाच चेहरा पांढरा पडायचा.

दुसरे, इस्त्री. हे नाव वहिनीनंच ठेवलं. गणवेशाची घडी अशी की हात लावला तर कापेल. खिशात कात्री, टॉर्च, पट्ट्या, काय काय. "त्या कात्रीनं आजवर बिस्किटाचा पुडाच तेवढा कापला असेल," वहिनी म्हणायची.

आणि तिसरे होयबा. मोठे सर म्हणाले पाऊस पडतोय, तर हे छत्री उघडणार. खोलीत असले तरी.

या तिघांच्या हाती पोरं. जी पोरं उद्या तुमच्या-माझ्या दारात स्ट्रेचर घेऊन उभी राहणार.

तिथं एक सरावाची खोली आहे. आत साध्या घरासारखा देखावा. पलंग, कपाट, एक खुर्ची, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. पलंगावर माणसाएवढा पुतळा. त्याच्या गळ्यात स्पीकर. शेजारच्या भिंतीत मोठी काळी काच. काचेमागे एक चिंचोळी खोली. तिथं शिक्षक बसतो. त्याला सगळं दिसतं, पोरांना तो दिसत नाही.

टेबलावर माइक असतो. बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि तुम्ही बोललेलं पुतळ्याच्या तोंडून बाहेर येतं. पुतळ्याचे नाडीचे, श्वासाचे आकडेही तिथूनच बदलायचे.

थोडक्यात, काचेमागचा माणूस म्हणजे पेशंट.

हे काम वहिनीच्या गळ्यात पडलं. बाकीच्या तिघांपैकी कोणीही त्या चिंचोळ्या खोलीत बसायला तयार नव्हतं. इस्त्रीला धुळीचा त्रास. होयबाची पाठ. मोठ्या सरांना मीटिंग.

"आळशी लेकाचे," वहिनी म्हणाली. तिनं ते तेवढ्यावरच सोडलं.

एकदा मात्र तिच्या लक्षात आलं. होयबाला आतली एक वायर हवी होती. तो दारापर्यंत आला... आणि तिथंच थांबला. आत पाऊल टाकलं नाही. लांबूनच हात पुढे करून म्हणाला, "मॅडम, एवढी द्या ना."

पहिला प्रकार घडला तो एका बारीक चणीच्या मुलीच्या सरावात. तिचा आवाज इतका कोवळा की सगळे तिला चिमणी म्हणायचे. वहिनीला ती मुळीच आवडायची नाही. "ही पेशंटला हाक मारेल आणि पेशंट दाणे टाकेल," असं ती तिच्या तोंडावर म्हणाली होती.

त्या दिवशी वहिनी पुतळ्याच्या तोंडून एका चक्कर आलेल्या बाईचं बोलत होती. "बाळा, माझं डोकं गरगरतंय गं," वगैरे. मग तिला कोरड पडली. तिनं बटण सोडलं आणि बाटली तोंडाला लावली.

काचेपलीकडे चिमणी पुतळ्याची नाडी बघत होती.

ती एकदम थांबली.

तिनं मान वर केली... आणि सरळ काचेकडे पाहिलं.

"काय म्हणालात?"

वहिनीच्या तोंडात पाणी होतं. ती बोलणार कशी?

काचेकडे बघायचं नाही, हा तिथला नियम. पेशंट समोर आहे, काच नाहीच असं समजायचं. बघितलं की मार्क कापले. वहिनीनं कापले. वर चारचौघांत झापलंही. चिमणी मान खाली घालून उभी राहिली आणि पुटपुटली, "पण त्यांनी बोलावलं, मॅडम."

"कोणी?"

चिमणीनं पुतळ्याकडे पाहिलं.

मग दुसऱ्या तुकडीत तसंच झालं. एक दांडगा मुलगा, कशाला न घाबरणारा. तोही मध्येच थांबला आणि काचेकडे वळला. वहिनीचं बोट बटणावर नव्हतं.

या वेळी तिनं त्याला बाजूला घेतलं.

"काय ऐकलंस?"

"'मागे या' म्हणाले."

"कोणाच्या मागे?"

"काचेच्या," तो म्हणाला. मग जरा चाचरत, "मॅडम, तुम्ही पुरुषाचा आवाज फार छान काढता हं."

वहिनी त्या दिवशी पुन्हा बाईच झाली होती.

घरी येऊन म्हणाली, कार्टी माझी टिंगल करतायत. ठरवून करतायत. दादा म्हणाला, असेल. विषय संपला.

त्यानंतर काही दिवसांनी तिनं स्वतः ऐकलं.

दोन मुली पुतळ्याला ऑक्सिजन लावत होत्या. वहिनी मागे रेलून बसली होती. हात मांडीवर. दोन्ही हात, ती ठासून सांगते.

आतला पंखा थांबला.

तिनं वर पाहिलं. वीज गेली नव्हती. पलीकडे सगळं झगझगीत. फक्त पंखा... हळूहळू... थांबला.

खोलीत उकडायला हवं होतं. उकडलं नाही.

मग तिची नजर टेबलावर गेली.

माइकचा लाल दिवा लागला होता.

आणि काचेपलीकडून, दबका, पुतळ्याच्या गळ्यातून... आवाज आला.

"मुलांनो... हे... खोटं नाही... काचेच्या... मागे..."

बस. एवढंच.

वहिनीला भूत दिसलं नाही. अंगावर काही पडलं नाही. तिला दुसऱ्याच गोष्टीनं घाम फुटला. श्वास पुरत नसलेला माणूस शब्द कसे तोडतो, ते ती आयुष्यभर ऐकत आली होती. पहिल्या शब्दात जोर, दुसऱ्यात अर्धा, तिसरा नुसता ओठांवर. हे कोणाला काढून दाखवता येत नाही. नाटकवाल्यांनाही नाही.

आत कोणीतरी खरोखर मरत होतं.

आणि आत ती एकटीच होती.

तिनं मागे वळून पाहिलं. भिंत. खुंटी. खुंटीला तिचीच छत्री.

ती उठली ती तडक होयबाच्या टेबलाशी गेली. त्याचा चहा बाजूला सरकवला आणि विचारलं, "माझ्याआधी त्या खोलीत कोण बसायचं?"

होयबाचा चेहरा उतरला. "पेशंटकाका," तो म्हणाला. "म्हणजे आम्ही त्यांना तसं म्हणायचो. कायम पेशंट तेच व्हायचे ना. काय आवाज काढायचे, मॅडम! म्हातारा, दारुडा, बाळंतीण..."

"ते गेले कसे?"

"हार्ट."

"कुठं?"

होयबानं आजूबाजूला पाहिलं. मग सगळं सांगून टाकलं. हळू आवाजात. मध्येमध्ये उगीच हसत.

पेशंटकाका त्या दिवशी छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्याचं काम करत होते. पोरांची परीक्षा होती. हे तिघं सरावाच्या खोलीतच मार्क द्यायला बसले होते. सुरुवातीला काका नेहमीसारखं बोलले. मग बोलणं तुटायला लागलं. मग म्हणाले, मुलांनो, हे खोटं नाही. काचेच्या मागे या.

मोठे सर म्हणाले, "वा! आज काय रंगलंय!"

एका मुलानं काचेकडे पाहिलं. इस्त्री त्याच्यावर खेकसला, पेशंट समोर आहे, काचेकडे बघायचं नाही.

पोरांनी पुतळ्याची छाती दाबली. अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे. पुतळ्याचे आकडे मात्र जागचे हलले नाहीत, कारण ते आतूनच बदलावे लागतात आणि बदलणारा जमिनीवर पडला होता. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. आवाज बंद झाला तेव्हा मोठ्या सरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना पैकीच्या पैकी दिले.

मग सगळे चहाला गेले.

चहा पिऊन आले तेव्हा काका गार पडले होते.

होयबानं चहाचा कप पुन्हा जवळ ओढला आणि म्हणाला, "पण तसं बघायला गेलं तर, मॅडम, मार्क नियमाप्रमाणेच दिले होते."

"त्याच्या डोक्यावर तो चहा ओतला नाही," वहिनी आम्हाला म्हणाली, "एवढीच माझ्याकडून त्या दिवशी समाजसेवा झाली."

ती मोठ्या सरांकडे गेली. दार न वाजवता.

"सर, तुम्ही तिघं खोलीत होतात."

"मॅडम, ती दुर्दैवी घटना होती. रीतसर चौकशी झाली. कोणाचाही दोष आढळला नाही."

"चौकशी कोणी केली?"

"समितीनं."

"समितीत कोण होतं?"

मोठ्या सरांनी टाय सरळ केला. "अध्यक्ष मी होतो."

वहिनीनं आवाजाचं सांगितलं. दिवा, पंखा, सगळं. मोठ्या सरांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू आलं, ज्याला वहिनी स्लाइडचं हसू म्हणायची.

"वायरिंग असणार. बाकी काही नाही. शिकलेली माणसं आपण, मॅडम. एवढं वाटत असेल तर परीक्षेला तुम्ही बाहेर बसा. पेशंट मी होईन. बाहेरचे परीक्षक येणार आहेत, त्यांनाही बघू दे."

"या माणसाला भीती वाटत होती," वहिनी म्हणते. "पण त्याहून जास्त हौस होती."

परीक्षेचा दिवस. दुपार. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. त्या, वहिनी, इस्त्री आणि होयबा असे ओळीनं सरावाच्या खोलीत बसले. काचेमागे मोठे सर. आत गेले तेव्हा पोरांकडे बघून अंगठा दाखवून गेले.

चिमणी आणि तिची जोडीदारीण आल्या. पेशंट कोण, तर छातीत दुखणारा म्हातारा. मोठ्या सरांनी तोच निवडला होता. मुद्दाम.

"अगं आई आई गं! मेलो मेलो! छातीत कळ आली गं!"

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. वहिनीनं छताकडे पाहिलं. एवढ्या ठणठणीत आवाजात मरणारा माणूस तिनं पहिल्यांदाच ऐकला.

चिमणी पुतळ्याशी बोलत होती. "आजोबा, दुखणं कधी सुरू झालं?"

"सकाळी! सकाळी गं! आई आई गं!"

"हाताकडे जातंय का?"

उत्तर आलं नाही.

"आजोबा?"

काहीच नाही.

चिमणीनं पुन्हा हाक मारली. होयबानं कागदावर काहीतरी लिहिलं. इस्त्री मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. वहिनी पुतळ्याच्या आकड्यांकडे बघत होती. ते हलत नव्हते.

खोलीतला एसी बंद झाल्यासारखा वाटला. तो बंद नव्हता. त्याचा आवाज तेवढा येत नव्हता.

आणि मग... पुतळ्याच्या गळ्यातून... अगदी हळू...

"काचेच्या... मागे..."

हा मोठ्या सरांचा आवाज नव्हता.

चिमणीनं मान वर केली.

"काचेकडे बघायचं नाही!" इस्त्री ओरडला. सवयीनं. त्याचं त्यालाच कळलं नसेल आपण काय बोललो ते.

चिमणीनं हातातलं यंत्र पुतळ्याच्या पोटावर टाकलं आणि धावली.

वहिनी तिच्या मागे. गुडघा बोंबलत होता, तरी धावली. कॉरिडॉरमधून वळसा घालून त्या दाराशी. दार ढकललं.

मोठे सर जमिनीवर पडले होते. ओठ निळे. डोळे अर्धवट उघडे. टाय एका बाजूला.

वहिनीनं मानेला बोटं लावली. नाडी नव्हती.

चिमणी तोवर छातीशी गुडघे टेकून बसलीही होती. दाबायला लागली. वहिनीनं तिच्या हातांकडे पाहिलं. जोर बरोबर, लय बरोबर, खालपर्यंत दाबून वर सोडणं बरोबर. चिमणीच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही.

सरावाच्या खोलीतलं शॉकचं मशीन खोटं असतं, नुसतं बोलतं. खरं मशीन लिफ्टशेजारी पेटीत. जोडीदारीण ते घेऊन आली. पट्ट्या लावल्या. एक शॉक. पुन्हा दाबणं. पुन्हा शॉक.

मोठ्या सरांनी घशातून घरघर असा आवाज काढला आणि श्वास घेतला.

दारात इस्त्री आणि होयबा उभे होते. इस्त्रीच्या खिशात कात्री होती, टॉर्च होता, पट्ट्या होत्या. तो हात बांधून उभा होता.

वहिनीनं मग टेबलाकडे पाहिलं. मोठे सर पडले होते दाराजवळ. माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

दिवा विझलेला होता.

मोठे सर वाचले. दवाखान्यात वहिनी त्यांना भेटायला गेली, तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मग म्हणाले, "मॅडम, मी हाक मारली नाही. मला बोलताच येत नव्हतं. दारापर्यंत जायला उठलो आणि पडलो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. वहिनीला वाटलं, हा माणूस बदलला.

कसला बदलतोय! महिनाभरात सत्कार झाला. त्यांचाच. भाषणात म्हणाले, "मृत्यूच्या दारातून मी मोठ्या निर्धारानं माइकपर्यंत पोचलो आणि माझ्या विद्यार्थिनींना हाक दिली. त्यांनी मीच शिकवलेलं मला परत केलं." होयबानं पहिली टाळी वाजवली. चिमणीला एक पेन मिळालं. ते चालत नव्हतं.

त्यानंतर आवाज बंद झाला.

पूर्ण बंद. वहिनी रोज त्या खुर्चीत बसायची. पंखा फिरायचा, दिवा बटण दाबल्यावरच लागायचा. तिला वाटलं, सुटला बिचारा. ज्यांनी त्याची हाक ऐकली नाही, त्यांच्यातल्याच एकासाठी हाक मारून सुटला. आमची वहिनी, जी कोणाचं कौतुक करत नाही, ती पेशंटकाकांबद्दल हळवं बोलायला लागली. "त्या सगळ्या विभागात एकच धड शिक्षक होता, भावजी," म्हणायची, "आणि तोही मेलेला."

आणि तिनं पोरांना शिकवायला सुरुवात केली. दर तुकडीला, पहिल्याच दिवशी.

"आवाज आला की उठायचं. काच असो, भिंत असो. हातातलं टाकायचं आणि जायचं. मार्क गेले खड्ड्यात."

गोष्ट इथं संपली असती तर मी ती सांगायला बसलो नसतो.

चिमणी पास झाली. ॲम्ब्युलन्सवर लागली. आणि एका संध्याकाळी आमच्याकडे आली. दार मीच उघडलं. पोरगी निम्मी झाली होती. वहिनीनं चहा पुढे ठेवला, तिनं कपाला हात लावला नाही.

"मॅडम, त्यांचा आवाज आला."

वहिनी म्हणाली, "कोणाचा?"

"त्यांचाच. काचेमागून यायचा तो."

एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरून फोन आला होता. एकटेच राहायचे. फोनही त्यांनीच केला होता, दारही त्यांनीच कसंबसं उघडलं होतं. श्वास लागला होता, पण शुद्धीवर होते. चिमणीनं त्यांना पलंगावर बसवून मास्क लावला. जोडीदार स्ट्रेचर आणायला खाली गेला. आजोबांनी चिमणीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"आणि मग, मॅडम... आजोबांचे ओठ हलले नाहीत. मास्कमधून दिसत होतं मला. पण आवाज तिथूनच आला. 'मागे... मागच्या खोलीत... या...'"

"मग?"

"मी हात सोडवून घेतला. ते सोडत नव्हते. तुम्ही सांगितलं होतं ना, उठायचं. मी गेले."

मागच्या खोलीत कोणी नव्हतं. घडीची कॉट, शिवणाचं मशीन, कपाट. चिमणीनं कॉटखाली पाहिलं. कपाट उघडलं. पडद्यामागे पाहिलं. कोणीतरी असणारच, असं तिला वाटत होतं. कोणीतरी पडलेलं असणार.

"मला वाटलं, मी आत गेले आणि आले. पण जोडीदार म्हणाला, तो स्ट्रेचर घेऊन वर आला तेव्हा आजोबा..."

तिनं कप बाजूला सारला.

"मास्क निघाला होता, मॅडम. जमिनीवर पडला होता. ऑक्सिजनच्या नळकांड्याचा नुसता फुस्स आवाज येत होता."

दादानं टीव्ही बंद केला.

"आणि तू कुठं सापडलीस त्याला?" वहिनीनं विचारलं. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"मागच्या खोलीत. भिंतीकडे तोंड करून उभी होते म्हणे. म्हणे मी बोलत होते कोणाशी तरी." चिमणीनं दोन्ही हात मांडीवर दाबून धरले. "काय बोलत होते ते त्यालाही कळलं नाही. मॅडम... मी जायला नको होतं का?"

वहिनीनं चिमणीला जवळ घेतलं आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या रात्री ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मला म्हणाली, "मी त्याला चांगला समजले, भावजी. कशावरून? एक माणूस वाचला म्हणून? तो वाचवायला बोलावत होता, की नुसता बोलावत होता?"

सोमवारी नवी तुकडी होती. वहिनीनं ठरवून टाकलं. फळ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "जुन्या पोरांनी तुम्हाला काय काय सांगितलं असेल. ते विसरा. सरावात किंवा बाहेर, कसलाही आवाज आला, कोणी कितीही बोलावलं, तरी हातातला पेशंट सोडायचा नाही. उठायचं नाही. वळून बघायचंसुद्धा नाही. कळलं?"

पोरांनी माना डोलावल्या. लिहून घेतलं.

"पुरुषाचा आवाज असतो," ती म्हणाली. "तुटक. मुळीच लक्ष द्यायचं नाही."

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"पण मॅडम, पुरुषाचा नाहीये."

"म्हणजे?"

"गेल्या आठवड्यात आम्हाला सरावाची खोली दाखवली ना, तेव्हा आला. बाईचा होता." तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीनं मान हलवली. "आम्हाला वाटलं, तुम्हीच आत आहात. श्वास लागल्यासारखं बोलत होतात... आमची नावं घेऊन हाका मारत होतात. मग दार उघडलं, तर तुम्ही बाहेरून आलात."

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं.

वहिनी हे आम्हाला सांगताना हसत होती. त्या मुलीची नक्कल करत होती. बावळट आहेत सगळी, म्हणाली. मग उठली आणि ताटातलं तसंच ठेवून बेसिनशी जाऊन उभी राहिली. नळ सोडला. हात मात्र पाण्याखाली धरले नाहीत.

दादानं तिला नोकरी सोडायला सांगितलं. भांडला, हात जोडले. ती म्हणते, "आणि पोरं कोणाच्या हाती देऊ? त्या इस्त्रीच्या?" निदान काचेमागे बसू नकोस, मी म्हटलं. तर म्हणते, मग कोण बसणार? ते तिघं तर दारातसुद्धा उभे राहत नाहीत.

पोरांना आता काय सांगायचं, ते तिचं अजून ठरत नाहीये. जे सांगितलंय ते तसंच राहिलंय. वहीत लिहून घेतलंय त्यांनी.

आज त्या तुकडीचा सराव आहे.

मी हे लिहितोय तेव्हा दुपार झालीय. वहिनी आत जाऊन बसली असेल.